स्ट्रेसचं रंगीत चित्र कसं वाचायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत आम्ही तिघंजण फायनाइट एलिमेंटची, म्हणजे संगणकावर वस्तूचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून स्ट्रेस काढण्याची लहान-मोठी कामं करतो. ऊस ट्रॉलीची चॅसी, द्राक्षबागेच्या ब्लोअरचे ब्रॅकेट, साखर कारखान्यांचे शाफ्ट आणि टाक्या असं काहीबाही येतं. शनिवारी दुपारी सांगली-मिरजेतली इंजिनिअरिंगची पोरं लॅपटॉप घेऊन येतात. सॉफ्टवेअर प्रत्येकाचं वेगळं असतं, प्रश्न मात्र तेच. दर शनिवारी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठी परिभाषेत स्ट्रेसला 'प्रतिबल' म्हणतात, पण शॉपवर हा शब्द मी अजून ऐकलेला नाही. 'ताण' म्हणावं तर त्याचा अर्थ ओढ असाही होतो आणि मग दाबाखालच्या खांबातही 'ताण' आहे असं विचित्र वाक्य तयार होतं. म्हणून इथे स्ट्रेस म्हणजे स्ट्रेस, ओढला जात असेल तर ताण आणि चेपला जात असेल तर दाब. आकडे सगळे मेगापास्कलमध्ये, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

एका बिंदूवर सॉफ्टवेअर सहा आकडे का देतं? एकच दिला तर काय बिघडतं?

मिरजेत सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत जा आणि चढवलेली तार बघा. तारेला एकच काम, लांबीच्या दिशेनं ओढ सोसणं. समजा त्या ओढीचा स्ट्रेस १०० आहे. आता मनातल्या मनात तार कापायची. सरळ आडवा काप घेतला तर कापाच्या तोंडावर १०० चा निव्वळ ताण मिळेल. कोयत्यानं ऊस तोडताना बसतो तसा ४५ अंशाचा तिरका काप घेतला, तर त्या तोंडावर ५० चा ताण आणि ५० चा शिअर मिळतो, म्हणजे दोन तोंडं एकमेकांवरून घसरू पाहतात. तार तीच, ओढ तीच, काप बदलला की आकडे बदलले.

कुठलाही काप घेतला तरी त्याच्या तोंडावर काय येईल हे सांगता यावं, एवढी माहिती साठवायची असेल तर एका आकड्यात भागत नाही. फ्रेंच गणिती कोशी यानं १८२० च्या दशकात दाखवलं की तीन काटकोनी कापांवरचे मिळून नऊ आकडे पुरतात. त्यातले शिअरचे आकडे जोडीजोडीनं सारखे असतात, म्हणून उरतात सहा. एक्स, वाय आणि झेड दिशांचे तीन सरळ आणि तीन शिअरचे. या गठ्ठ्याला स्ट्रेस टेन्सर म्हणतात.

हे पोरांच्या गळी उतरवायला मी नेहमी एकच उदाहरण फळ्यावर लिहितो. एका नोडवर (तुकड्यांच्या जोडबिंदूवर) एक्स दिशेचा स्ट्रेस ८०, वाय दिशेचा २०, एक्स-वाय शिअर ४०, बाकी तिन्ही शून्य. काय चाललं असेल तिथं? पोरं म्हणतात, दोन्हीकडून ओढ आहे आणि वर शिअरही आहे, अवघड जागा दिसते. मग मोरचं वर्तुळ, म्हणजे काप फिरवला की आकडे कसे बदलतात ते दाखवणारी आकृती, काढायला लावतो. केंद्र ५०, त्रिज्या ३० आणि ४० च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे तीही ५०. प्रमुख स्ट्रेस, म्हणजे ज्या कापांवर शिअर उरत नाही त्यांवरचे सरळ स्ट्रेस, निघतात १०० आणि शून्य. ती आपली सतारीचीच तार आहे! फक्त स्क्रीनच्या एक्स अक्षाशी २६.६ अंशांनी तिरकी ठेवलेली. ८०, २० आणि ४० ही सगळी गर्दी आपण निवडलेल्या अक्षांनी केलेली होती.

हे उदाहरण हातानं एकदा सोडवा. खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

मग सरळ फॉन मिझेस बघितला की झालं ना? सगळे तोच बघतात.

बघतात, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. फॉन मिझेस म्हणजे सहा आकड्यांतून काढलेला तुलनेचा एकच आकडा. वरच्या नोडवर फॉन मिझेस काढा, नेमके १०० येतात. अक्ष कसेही फिरवा, तो बदलत नाही. रिचर्ड फॉन मिझेसनं हा निकष १९१३ मध्ये मांडला. पोलंडच्या ह्यूबरनं १९०४ मध्येच तो सांगितला होता, पण नाव चिकटलं फॉन मिझेसचं. न तुटता ताणलं जाणारं (डक्टाइल) स्टील कधी वाकून कायमचं बसेल, म्हणजे यील्ड होईल, याचा अंदाज तो चांगला देतो. आपल्याकडची नेहमीची आयएस २०६२ ची ई-२५० प्लेट २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची असेल तर तिचा किमान यील्ड २५०. फॉन मिझेस त्याच्या खाली किती आहे ते बघायचं.

पण त्याला दोन गोष्टी कळत नाहीत. एक म्हणजे तो कायम धन असतो. जागा ओढली जातेय की चेपली जातेय हे त्याच्या रंगावरून कधीच कळणार नाही. दुसरं, सगळीकडून सारखा दाब आला तर तो शून्य दाखवतो, दाब कितीही असो.

म्हणून बीडाचा (कास्ट आयर्नचा) जॉब आला की मी फॉन मिझेसचं चित्र ग्राहकाला दाखवतच नाही. एफजी-२६० ग्रेडच्या बीडाची ताणातली ताकद किमान २६०, दाबात तेच बीड याच्या कितीतरी पट सोसतं. तिथे मोठा प्रमुख स्ट्रेस बघायचा, म्हणजे त्या बिंदूवर कुठल्याही दिशेनं जास्तीत जास्त ओढ किती आहे ते. वेल्डच्या आणि फटीगच्या (वारंवार भार येऊन थकण्याच्या) कामातही फॉन मिझेस एकटा पुरत नाही, कारण भेग उघडायला ओढ लागते.

तुम्ही सारखं कोयनेच्या धरणाचं उदाहरण का देता? ते तर सिव्हिलवाल्यांचं.

कारण ते आपल्या बाजूचं आहे आणि जगभरची पोरं ते सोडवतात. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला ६.५ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचं धरण टिकलं, पण ज्या भागांवरून पाणी सांडत नाही अशा उंच मोनोलिथना (धरणाच्या अखंड खंडांना) आडव्या भेगा पडल्या. कुठं? पायथ्याला नाही. माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली, जिथं पाण्याच्या उलट बाजूच्या भिंतीचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास. पुढे त्या उंच मोनोलिथना मागून काँक्रीटचे टेकू देऊन मजबूत केलं. हाच छेद आज अबॅकस या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात नमुना उदाहरण म्हणून आहे. पाटण तालुक्यातलं धरण, आणि परदेशातला विद्यार्थी त्याच्यावर काँक्रीटचं डॅमेज मॉडेल शिकतो.

आता त्या छेदाचं फॉन मिझेसचं चित्र काढा. पायथ्याला दाबामुळे रंग चढेल, मानेजवळही, म्हणजे उतार बदलतो तिथंही, चढेल, आणि कुठं भेग पडणार हे त्यातून सांगता येणार नाही. काँक्रीटची ताणातली ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण एक दशांश. त्यामुळे दाबाचा जो आकडा काँक्रीट हसत सोसतं, तोच आकडा ताणात आला की भेग. मोठ्या प्रमुख स्ट्रेसचं चित्र काढा, मान लगेच बोलू लागते. शिवाय भूकंपात माथा पुढे-मागे हलतो, तेव्हा एका क्षणी पाण्याकडच्या अंगाला ओढ आणि पुढच्या क्षणी उलट अंगाला. म्हणून एका क्षणाचं चित्र पुरत नाही, पूर्ण हादऱ्यातली प्रत्येक जागेची कमाल किंमत काढून तिचं चित्र करावं लागतं.

जाता जाता, माती-खडकाची कामं करणारे बरेच जण दाब धन धरतात. त्यांच्याकडचा 'पहिला प्रमुख स्ट्रेस' म्हणजे सगळ्यात मोठा दाब. चिन्हाची प्रथा विचारल्याशिवाय दुसऱ्याची फाइल वाचू नका.

"इंजिनिअर, लाल कुठं आहे तेवढं सांगा." लाल म्हणजे तुटणार का?

हे वाक्य मी महिन्यातून दोनदा ऐकतो. लालचा अर्थ इतकाच, की या चित्रातला सगळ्यात मोठा आकडा इथं आहे. चित्रातला सगळ्यात मोठा आकडा ३ असेल तरी तिथं लालच दिसणार, कारण रंगपट्टीचं वरचं टोक सॉफ्टवेअर आपोआप कमाल आकड्याला बांधतं.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. तासगावच्या बाजूचे एक फॅब्रिकेटर ब्लोअरच्या टाकीचा ब्रॅकेट घेऊन आले होते. चॅनलच्या वळणावर छान लाल ठिपका आला होता. कमाल आकडा होता ३८, ई-२५० ला काहीच नाही. मी अहवालात ३८ लिहिलं, चित्र लावलं, पाठवून दिलं. अहवाल कुणी वाचला नाही, चित्र मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर शॉपमध्ये सगळ्यांनी बघितलं. त्यांनी लाल दिसलं तिथं १० मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून टाकली. पट्टी जिथं संपत होती तिथं कडकपणा एकदम बदलला, वेल्डची टोकंही नेमकी आडवी आली, आणि एका हंगामात त्या टोकाला भेग. फोनवर ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या चित्रात लाल होतं, म्हणून पट्टी मारली." चूक त्यांची नव्हती.

तेव्हापासून आमच्याकडे रंगपट्टीचं वरचं टोक आपोआप ठरत नाही. परवानगीचा स्ट्रेस ठरवायचा, उदाहरणार्थ २५० भागिले दीड म्हणजे १६७, आणि पट्टी तिथं अडकवायची. त्याच्या वर गेलेलं सगळं वेगळ्याच रंगात, राखाडी किंवा जांभळ्या. मग लालचा अर्थ खरोखर 'लक्ष द्या' असा होतो. तोटा एकच. चांगला डिझाइन केलेला जॉब सगळा निळा दिसतो आणि ग्राहक विचारतो, "मग पैसे कशाचे घेतले?"

दोन डिझाइनची तुलना करताना तर दोन्ही चित्रांची पट्टी एकच हवी. वेगळ्या पट्ट्यांची दोन चित्रं शेजारी ठेवणं म्हणजे एका वजनकाट्यावर किलो आणि दुसऱ्यावर पौंड.

मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली की स्ट्रेस वाढतच जातो. खरा आकडा कुठला?

वाढत वाढत एका आकड्याजवळ थांबत असेल तर तो. थांबतच नसेल तर त्या जागी खरा आकडा नाहीच.

आतल्या बाजूचा अगदी धारदार काटकोन घ्या, म्हणजे दोन प्लेट फिलेटशिवाय (कोपऱ्यात गोलाई न ठेवता) 'एल' आकारात जोडल्यात असं समजा. लवचिकतेच्या गणिताप्रमाणे त्या कोपऱ्यात स्ट्रेस अनंत आहे. कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या ०.४५५ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात तो वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की एलिमेंट निम्मं केलं की कोपऱ्यातला आकडा साधारण ३७ टक्क्यांनी चढतो. १००, १३७, १८८, २५८ आणि पुढे कितीही. कुणी मला तीन मेशचे आकडे दाखवले आणि वाढ याच चालीची दिसली, तर मी आधी ड्रॉइंगमधला राउंड (गोलाई) विचारतो. बहुतेक वेळा तो मॉडेल सोपं करताना पुसलेला असतो. एका नोडवर टेकवलेला बिंदूभार आणि पूर्ण जखडलेली कड या दोन जागाही अशाच फसव्या.

राउंड खरा असेल तर मॉडेलमध्ये घाला. वेल्डच्या टोकाला खरा राउंड मोजण्यासारखा नसतोच, तिथे हॉटस्पॉटची पद्धत वापरतात. इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगच्या शिफारशींतली एक सोपी रीत: बारीक मेशमध्ये वेल्डच्या टोकापासून प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावर पृष्ठभागावरचा, वेल्डला काटकोनातला स्ट्रेस वाचायचा. पहिल्याला १.६७ नं गुणायचं, दुसऱ्याला ०.६७ नं, आणि वजा करायचं. प्लेट ८ मिलिमीटर असेल तर ३.२ आणि ८ मिलिमीटरवर वाचा. तिथं १२० आणि ९० मिळाले, तर हॉटस्पॉट सुमारे १४०. टोकावर सॉफ्टवेअर ३१० म्हणतंय की ४५०, त्याकडे बघायचंच नाही. यासाठी रंगीत चित्रापेक्षा रेषेवरचा आलेख उपयोगी, आणि आमच्या अहवालात आता तोच आधी येतो.

'अ‍ॅव्हरेज्ड' आणि 'अनअ‍ॅव्हरेज्ड' मध्ये काय ठेवू?

आधी अनअ‍ॅव्हरेज्ड बघा, मग अ‍ॅव्हरेज्ड दाखवा.

स्ट्रेस मुळात नोडवर काढलेला नसतो. तो एलिमेंटच्या पोटातल्या गॉस बिंदूंवर (हिशेबाच्या ठरावीक जागांवर) निघतो आणि तिथून नोडपर्यंत ताणून नेला जातो. एका नोडला चार एलिमेंट भिडत असतील तर चार वेगळे आकडे येतात. अ‍ॅव्हरेज्ड चित्रात त्यांची सरासरी असते, म्हणून ते गुळगुळीत, देखणं दिसतं. अनअ‍ॅव्हरेज्ड चित्र गोधडीसारखं तुकड्यातुकड्यांचं दिसतं. पण महत्त्वाच्या जागी शेजारच्या एलिमेंटमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर मी मेश अजून बारीक करतो. ही माझी मर्यादा, कुठल्या नियमातली नाही. गुळगुळीत चित्र ही उणीव झाकून टाकतं. अबॅकसमध्ये तर मूळ सेटिंगमध्ये ७५ टक्क्यांपर्यंतचा फरक सरासरीत विरघळतो.

जिथं दोन मटेरियल भेटतात तिथं सरासरी काढणं सरळ चूक. साखर कारखान्याच्या मिल रोलरचं घ्या. स्टीलचा शाफ्ट आणि त्यावर गरम करून चढवलेली बीडाची शेल (बाहेरचं कवच). दोघांच्या सांध्यावर त्रिज्येच्या दिशेचा स्ट्रेस सलग असला पाहिजे, पण घेराच्या दिशेचा तिथं उडी मारतो. शेल ओढली जाते, शाफ्ट चेपला जातो. ही उडी खरी आहे. सरासरी काढली की बीडातली ओढ कमी दिसते, म्हणजे नेमका धोकाच लपतो.

अजून एक बारकावा, जो पुष्कळांना माहीत नसतो. आधी सहा आकड्यांची सरासरी काढून मग फॉन मिझेस काढायचा, की प्रत्येक एलिमेंटचा फॉन मिझेस काढून त्यांची सरासरी करायची? एका बाजूला अधिक १०० आणि दुसऱ्या बाजूला उणे १०० असेल, तर पहिल्या रीतीनं शून्य येतो, दुसऱ्या रीतीनं १००. एवढं टोकाचं सहसा होत नाही, पण दोन सॉफ्टवेअरचे आकडे जुळत नाहीत तेव्हा मी सगळ्यात आधी हे सेटिंग उघडतो.

गोल टाकीला सगळीकडून सारखा दाब दिला, तरी चित्रात डाग का दिसतात?

तुम्ही एक्स दिशेचा स्ट्रेस बघताय म्हणून. कॉम्प्रेसरची हवेची टाकी घ्या. व्यास १ मीटर, पत्रा १० मिलिमीटर, दाब १० बार. घेराच्या दिशेचा स्ट्रेस दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी, म्हणजे ५०. लांबीच्या दिशेचा त्याच्या निम्मा, २५. फॉन मिझेस ४३. टोकांच्या झाकणांपासून दूर गेलात तर टाकीभर हेच आकडे असायला हवेत.

पण स्क्रीनचा एक्स अक्ष टाकीभोवती वळत नाही. टाकीच्या माथ्यावर घेराची दिशा एक्सशी जुळते, तिथं ५० दिसतो. बाजूला, जिथं घेर उभा जातो, तिथं एक्सचा आकडा जवळजवळ शून्य. मधे कुठंतरी २५. स्ट्रेस तिळभर बदललेला नाही आणि चित्र मात्र ठिगळांचं. दंडगोल अक्ष निवडा, सगळा पत्रा एका रंगाचा होईल. हेच उलटं वापरता येतं. दंडगोल अक्षांतही डाग राहिले, तर मेश, आधार किंवा नोझलजवळ खरंच काहीतरी चाललंय.

शेल एलिमेंट (पातळ पत्र्यासाठीचे) वापरल्यावर वाकलेल्या पत्र्यात स्ट्रेस शून्य दिसतो. कसा?

तुम्ही मधला थर बघताय. वाकणाऱ्या पत्र्याच्या एका अंगाला अधिक ९० आणि दुसऱ्या अंगाला उणे ९०, मधे शून्य. वरचा आणि खालचा दोन्ही थर बघा, किंवा दोन्हींतला मोठा दाखवण्याची सोय निवडा. पत्र्याची 'वरची' बाजू कुठली हे एलिमेंटच्या नॉर्मलवरून (पृष्ठभागाला काटकोनातल्या दिशेवरून) ठरतं, तुमच्या डोळ्यांवरून नाही. शेजारच्या दोन तुकड्यांचे नॉर्मल उलटे असतील, तर प्रमुख स्ट्रेसचं चित्र मधेच रंग बदलतं आणि लोक तिथं भेग शोधत बसतात.

बाण, फुल्या, लंबगोल असली चित्रं खरंच कुणी वापरतं का? की नुसती शोभा?

मी वापरतो, पण शंभरात पाच वेळा. रंगाचं चित्र किती ते सांगतं, कुठल्या दिशेनं ते सांगत नाही. दिशा हवी असेल तर प्रत्येक बिंदूवर प्रमुख स्ट्रेसच्या दिशेनं दुतोंडी बाण काढतात, ताणाला एक रंग आणि दाबाला दुसरा. गसेट कुठल्या कोनात लावायचं, रिब कुठून न्यायची, हे त्या बाणांवरून झटकन कळतं. भेग प्रमुख ताणाला काटकोनात धावते, त्यामुळे तुटून आलेला तुकडा हातात असेल तर बाणांशी ताडून बघता येतो. ही माझी आवडती कसोटी.

टेन्सरचे लंबगोल दिसायला भारी, पण लंबगोलाच्या लांबीला चिन्ह नसतं. ५० चा ताण आणि ५० चा दाब सारखेच दिसतात. रंग चिन्हानुसार दिला नाही तर ते चित्र फसवं. शिवाय हे आकार गोलाजवळ आले की दिशा अंदाजानंच वाचावी लागते. २००४ मध्ये किंडलमन या संशोधकानं त्यासाठी सुपरक्वाड्रिक नावाचे कडा असलेले आकार सुचवले. दिशांच्या सलग रेषा काढण्याची कल्पना त्याहून जुनी. १८६० च्या दशकात झुरिकच्या कुलमन या इंजिनिअरनं मांडीच्या हाडाचा उभा छेद बघितला आणि त्यातल्या जाळीच्या रेषा क्रेनच्या वाकड्या दांड्यातल्या स्ट्रेसच्या रेषांसारख्या दिसतात हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा संगणक नव्हता. पेन्सिलीनं काढल्या होत्या.

बाण काढताना सगळ्या नोडवर काढू नका, झाडू होतो. पन्नासात एक नोड पुरे.

अबॅकसमधून पॅराव्ह्यूमध्ये (निकाल बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नेल्यावर फॉन मिझेस जुळतो, पण प्रमुख स्ट्रेस जुळत नाही. असं कसं होईल?

हा प्रश्न आणणाऱ्याला मी चहा पाजतो. बहुधा शेवटचे दोन शिअर अदलाबदल झालेत.

सहा आकड्यांचा क्रम प्रत्येकाचा आपापला. अबॅकस तीन सरळ स्ट्रेसनंतर एक-दोन, एक-तीन, दोन-तीन असे शिअर लिहितं (एक म्हणजे एक्स, दोन वाय, तीन झेड). पॅराव्ह्यू सहा आकड्यांच्या टेन्सरमध्ये एक्स-वाय, वाय-झेड, एक्स-झेड असा क्रम धरतं. म्हणजे शेवटचे दोन उलटे. फॉन मिझेसच्या सूत्रात तिन्ही शिअरचे वर्ग करून नुसती बेरीज होते, त्यामुळे क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं. प्रमुख स्ट्रेस काढताना मात्र कुठला शिअर कुठल्या सरळ स्ट्रेसशी गुणला जातो याला महत्त्व आहे, तिथं घोळ उघडा पडतो. 'फॉन मिझेस जुळला, म्हणजे फाइल बरोबर आली' हे म्हणूनच खरं नाही.

कॅल्क्युलिक्स या फुकट सॉफ्टवेअरच्या निकाल-फाइलमधला क्रम पॅराव्ह्यूशी जुळतो, तिथं ही भानगड नाही. पण त्या फाइलमध्ये नोडवरचे आकडे सरासरी होऊनच येतात. गॉस बिंदूवरचे हवे असतील तर वेगळे छापून घ्यावे लागतात.

इंद्रधनुष्याचे रंग वापरू नका असं ऐकलं. का?

तीन अडचणी. पिवळा पट्टा सगळ्यात उजळ असल्यामुळे डोळा तिथं जातो, तिथं काही घडत नसलं तरी. लाल-हिरव्यात फरक न कळणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत, माझ्या ओळखीतले दोन उत्तम वेल्डर त्यातलेच. आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये निळं आणि लाल दोन्ही टोकं सारखीच काळपट येतात. टेंडरची कागदपत्रं अजूनही झेरॉक्सच होतात.

फॉन मिझेससाठी एका बाजूनं उजळत जाणारी पट्टी घ्या, 'विरिडिस' चांगली आहे. प्रमुख स्ट्रेससाठी निळा-पांढरा-लाल घ्या आणि पांढरा नेमका शून्यावर बसवा. शून्य बाजूला सरकला की दाबाची जागा ताणाच्या रंगात दिसायला लागते. मला सलग छटांपेक्षा दहा-बारा ठळक पट्टे बरे वाटतात, आकडा वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर कमाल आकडा चित्रावरच मोठ्या अक्षरात लिहा, पट्टीवरचे बारीक आकडे तिथं पुसट होतात.

मोडल अ‍ॅनालिसिसमध्ये ४००० चा स्ट्रेस आला. जॉब तुटेल का?

नाही. कंपनाच्या मोडचा आकार कळतो, उंची नाही. तो आकडा गणिताच्या सोयीसाठी ठरवलेल्या मापाचा आहे. कुठं जास्त, कुठं कमी एवढंच त्यातून घ्यायचं.

चित्रात ब्रॅकेट केळीच्या पानासारखा वाकलाय. ग्राहक घाबरला.

वाक दिसावा म्हणून सॉफ्टवेअर तो शेकडो पट वाढवून दाखवतं. ग्राहकाला पाठवताना एक पटीचं चित्र पाठवा.

आकडे बरोबर आहेत हे कशावरून?

सगळ्यात स्वस्त कसोटी, मोकळा पृष्ठभाग. जिथं बाहेरून काहीच टेकलेलं नाही तिथं पृष्ठभागाला काटकोनातला स्ट्रेस शून्य असलाच पाहिजे, आणि हवेचा दाब दिला असेल तर उणे तेवढा. तिथं १५-२० दिसत असेल तर जाडीत एलिमेंट कमी पडलेत. दुसरं, आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज दिलेल्या भाराशी जुळवा. टनाऐवजी किलो टाकलेलं इथंच पकडलं जातं. मिलिमीटर-न्यूटनमध्ये काम करताना वस्तुमान टनात धरायचं आणि स्टीलची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात, हे भिंतीवर लिहून ठेवा.

नवीन सॉफ्टवेअर किंवा नवीन एलिमेंट हातात आलं की मी भोकाची प्लेट सोडवतो. रुंद प्लेट, मधे लहान गोल भोक, एका दिशेनं ओढ. किर्शनं १८९८ मध्ये याचं उत्तर काढून ठेवलंय. भोकाच्या ज्या कडा ओढीच्या आडव्या बाजूला येतात, तिथं दूरच्या स्ट्रेसच्या तिप्पट, आणि ओढीच्या रेषेत येणाऱ्या कडांवर उणे एक पट, म्हणजे ओढलेल्या प्लेटमध्येही दाब! हे 'उणे एक' फॉन मिझेसच्या चित्रात 'अधिक एक'सारखंच दिसतं. सगळ्यात लहान प्रमुख स्ट्रेसच्या चित्रात ते दिसलं, तर तुमची पट्टी, चिन्ह, अक्ष आणि मेश चौघंही बरे आहेत.

फुकटात शिकायला काय वापरू?

कॅल्क्युलिक्स सोडवायला, प्रीपोमॅक्स त्याचं चित्रमय तोंड म्हणून, पॅराव्ह्यू निकाल बघायला. साध्या लॅपटॉपवर चालतं. चोरीची सॉफ्टवेअर आणू नका. नैतिकतेचं जाऊ दे, पण एका पोराच्या लॅपटॉपवरचा प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री त्यातल्याच व्हायरसनं गेला होता.

हे सगळं स्क्रीनवरच. स्ट्रेस डोळ्यांनी बघता येतो का?

येतो, आणि घरातल्या सामानात. लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा करा. एलसीडीचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. त्याच्यासमोर कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवत फिरवत एका कोनात स्क्रीन काळा होतो आणि पट्टीत रंगांच्या लाटा उमटतात. भोकाभोवती आणि कोपऱ्यात त्या दाट असतात. न वाकवताही रंग दिसतात, ते साचात थंड होताना आत अडकलेल्या स्ट्रेसचे. मग पट्टी हळूच वाकवा. लाटा सरकतात, कडेला दाटतात आणि मधे एक काळी रेषा उरते.

हे रंग फॉन मिझेसचे नाहीत, पट्टीच्या प्रतलातल्या दोन प्रमुख स्ट्रेसमधल्या फरकाचे आहेत. परवा एका मुलीनं पट्टी वाकवून धरली आणि विचारलं, "सर, मग यात ताण कुठल्या बाजूला आणि दाब कुठल्या बाजूला?" रंगांवरून नाही कळत, म्हटलं. तिनं पट्टीकडे बघितलं, हातातला वाक बघितला आणि बाहेरच्या फुगीर कडेवर बोट ठेवलं.